फोटो काढलेलं फूल देवाला चालतं का?

फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचे तर खिडकीसारखा दिवा नाही, आणि खिडक्यांतही उत्तरेची सगळ्यात गुणी, असं जाणकार सांगतात. खरंच आहे ते. तिथून थेट ऊन सहसा येत नाही, सावल्या मऊ पडतात, पाकळीवरची शीरन् शीर दिसते. आमच्या फ्लॅटला उत्तरेची खिडकी एकच, आणि ती ओट्यावर आहे. म्हणजे घरातला उत्तम प्रकाश आईच्या ताब्यात, आणि सकाळी नऊपर्यंत तिथे कुकर, पोळ्या आणि फोडणी यांचं आरक्षण.

दुसरे पक्षकार गणपती. बाल्कनीतली लाल जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. सगळा कारभार एका दिवसाचा. आई ती सातला खुडते, माझी खिडकी नऊला मोकळी होते. मधल्या वेळात फूल देव्हाऱ्यात पोचलेलं असतं. "आधी फोटो, मग पूजा," असं मी सुचवलं तेव्हा आईने माझ्या मॅक्रो लेन्सकडे, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाकडे, आणि फुलाकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांत वीतभरही अंतर नव्हतं.

"एवढं नाक खुपसल्यावर ते हुंगलेलंच झालं. देवाला नाही चालत."

जास्वंदीला वासच नसतो, हा माझा युक्तिवाद जागच्या जागी फेटाळला गेला. हुंगणाऱ्याची नियत बघतात म्हणे.

कधीमधी झाडाला जास्तीचं फूल येतं, ते माझं. मग खरी परीक्षा. भिंग इतकं जवळ नेलं की कॅमेऱ्यात पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. आणि स्पष्ट दिसणारा भाग? भिंगाचं तोंड मोठं उघडलं, म्हणजे एफ/2.8 ला, तर अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. जास्वंदीचा दांडा तर चांगला बोटभर बाहेर डोकावतो. त्याच्या टोकाचे पाच मखमली ठिपके धरावेत तर मागचे पिवळे पराग विरघळतात. पराग धरावेत तर ठिपके गायब. तोंड बारीक करून एफ/11 केलं की थोडी सोय होते, थोडी म्हणजे मिलिमीटरभर, पण मग शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागतं. अर्धा सेकंद म्हणजे केवढा मोठा काळ, हे ज्याच्या ओट्यावर मिक्सर आहे त्यालाच कळेल.

पंखा अर्थातच बंद. मे महिन्यात मी पंखा बंद करतो तेव्हा बाबा घामाघूम होऊन, पण सहानुभूतीने येतात आणि "अंधारात डोळे कशाला फोडतोस?" म्हणत ओट्यावरचा पिवळा बल्ब लावतात. एकीकडून निळसर खिडकी, दुसरीकडून पिवळा बल्ब. कॅमेरा बिचारा कुणा एकाचंच खरं मानू शकतो, आणि फूल दोघांच्या मध्ये अर्धं आजारी, अर्धं कावीळ झालेलं दिसतं. सावलीच्या बाजूला प्रकाश परतवायला मी पांढरा थर्माकोल लावतो. 2018 च्या बंदीआधीच्या मखराचा तुकडा आहे, वारसा म्हणून जपलाय. पार्श्वभूमीला बाबांची काळी छत्री. ती उघडली की आई म्हणते, "घरात छत्री उघडू नये," आणि नेमक्या त्याच क्षणी फरशी पुसायला मावशी येतात.

"दादा, पाय वर घ्या."

मी घेतले.

"याचे पण घ्या," मावशींनी ट्रायपॉडकडे बोट दाखवलं.

पाकळीवर दव दिसावं म्हणून ग्लिसरीन घातलेलं पाणी शिंपडायची एक युक्ती आहे. थेंब लवकर सुकत नाहीत. आईने बाटली उचलून नुसतं लेबल वाचलं. तेव्हापासून माझ्या हातून आलेल्या प्रत्येक फुलाची देव्हाऱ्याबाहेर चौकशी होते.

अखेर तोडगा तिनेच काढला. पूजा आधी. देवाला वाहून झालं की त्यातलं एक फूल मला प्रसाद म्हणून मिळेल. ओटाही तोवर मोकळा होतो. प्रसादाचं कुणी काहीही करावं. मला तर हा करार फायद्याचाच वाटला. फूल ताजं, खिडकी रिकामी, आणि मंजुरी थेट वरून.

परवा असा एक फोटो हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत दाखवला. एक ज्येष्ठ सभासद चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले. प्रकाश छान, म्हणाले. पण पाकळीवर हे लाल भुकटीसारखे कण कसले? आणि हा पांढरा, लांबट? कीड असावी. कडुनिंबाचं तेल फवारा, असा सल्लाही त्यांनी दिला.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "कुंकू आणि अक्षता आहेत म्हणून सांगायचं ना! आणि त्यांना विचार, त्यांच्याकडे जास्वंद आहे का? संकष्टीला कमी पडतात."