जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

‘विंडोज १० बंद झालं. जुना लॅपटॉप विकून नवा घ्या. लिनक्सच्या नादी लागू नका. त्यात मराठी टाइप होत नाही, ते प्रोग्रामर लोकांचं काम आहे, आणि फुकटची गोष्ट कधी बंद पडेल सांगता येत नाही.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत पुढे ढकलला जातोय.

‘बंद झालं’ हे अर्धंच खरं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवली. लॅपटॉप सुरू होतो, पण सुरक्षेतली नवी भोकं आता पूर्वीसारखी आपोआप बुजवली जात नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप अडले. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी मोफत प्रणाली. तिचा एक प्रकार, लिनक्स मिंट, अशा लॅपटॉपवर २ जीबी रॅमवरही चालतं, ४ असली तर बरं.

मराठीचा मुद्दा मात्र सरळ चुकीचा आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. विंडोजमध्ये भारतीय लिप्यांसाठी जो इनस्क्रिप्ट कळफलक आहे, तोच लिनक्समध्येही आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो निवडायचा, की झालं. एन दाबलं की ल, शिफ्टसह एन म्हणजे ळ. शिफ्टसह जे म्हणजे ऱ, त्यामुळे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असले शब्दही नीट उमटतात. मग तक्रार येते कुठून? जुन्या फायलींतून. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल, तर फाइल विंडोजवरही अगम्य चिन्हांचा ढीगच दिसते. दुखणं फाइलचं आहे, तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करा.

‘प्रोग्रामर लोकांचं’? केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर संगणक शिकताहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत प्रोग्रामचे धडे मराठीतही आहेत. ब्राउझर, पीडीएफ, पत्रलेखन यांसाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत.

फुकटचं बंद पडेल, या भीतीला एवढंच उत्तर पुरे: मिंट २००६ पासून चालू आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. तुमचं पोट हिशेबाच्या टॅलीवर किंवा पेजमेकरमधल्या डीटीपीवर, म्हणजे छपाईची पानं जुळवण्यावर, चालत असेल, तर घाई करू नका. हे प्रोग्राम लिनक्ससाठी बनलेले नाहीत आणि त्यावर ते चालवायची खटपट रोजच्या धंद्यात परवडत नाही.

बाकीच्यांनी आधी मिंट पेन ड्राइव्हवर घ्यावं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो व कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडलात, तर जुनं काहीही उरत नाही.