शिमगा गेला, कवित्व उरलं

यंदाच्या शिमग्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला आणि पुढे पंधरा दिवस तो भेटतच राहिला. माहेरच्या ग्रुपवर, शिकवणीच्या पालकांच्या ग्रुपवर, मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर. सांगणं असं: कोकणी माणसाची शिवी म्हणजे माया. शिमग्यात देवासमोर शिव्या चालतात, मग घरात पोरांना कशाला दटावता? शिवीने दुखणं कमी होतं हे विज्ञानानेच सिद्ध केलंय. शिव्या देणारी माणसं हुशार आणि सच्ची असतात. आणि बंदी घातली की पोरं जास्तच देतात. खाली दात काढून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी काही सोवळ्यातली नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरमईचा भाव करताना माझ्या तोंडून काय काय निघतं ते तिथल्या बायकांना विचारा. तरीही हा मजकूर पटला नाही.

शिमग्याचं आधी घेते. होळीपुढे उलटा हात तोंडावर मारून बोंब ठोकायची, नको नको त्या ओळी मोठ्याने म्हणायच्या, आणि कोणी मनावर घ्यायचं नाही, हे खरंच आहे. पण त्याला दिवस ठरलेले असतात, जागा ठरलेली असते. कुठल्या गावात पाच दिवस, कुठे पंधरा, ते गावऱ्हाटी, म्हणजे गावाची जुनी रीत, ठरवते. आमचे आजोबा मानकरी होते. त्यांची बोंब खाडीपलीकडे ऐकू जायची, असं घरात अजून सांगतात. त्याच आजोबांनी देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, घातलं आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागले की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. एका वर्षी शिमगा आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या काकाने होळीपुढची एक ओळ जेवताना गुणगुणली. आजोबांनी त्याच्या पुढ्यातला पेजेचा वाडगा उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, ‘‘शिमगो सरलो.’’ बस. ‘शिमगा गेला, कवित्व उरलं’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो, कौतुक म्हणून नाही.

बरं, आजची पोरं ज्या शिव्या देतात त्या होळीपुढच्या असतात तरी का? माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मोबाइलवर गेम खेळताना हेडफोन लावून तो जे बोलतो ते चक्क हिंदीत असतं. त्यात ना मालवण, ना वेंगुर्ला. संस्कृती टिकवायचीच असेल तर आधी त्या पोरांना धड मालवणी तरी शिकवा.

आता माया. माझी आजी नातवाला उशीर झाला की अंगणातून ओरडायची, ‘‘खंय मेललंस रे मेल्या?’’ आणि तो घरात आला की त्याच्याच ताटात बांगड्याची मोठी तुकडी पडायची. रागावली तर ‘फटकेच्या’. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. माणसं खरोखर पटापट मरायची त्या काळातला शाप आहे तो, पण तिच्या तोंडी त्याचं विष उतरलेलं होतं. ही माया मला मान्य आहे. फक्त तिची वाट वरून खाली जाणारी होती. आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणायची, नातवाने आजीला ‘मेले’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि तिच्या त्या शब्दांत कोणाची आईबहीण नसायची. पोरांच्या तोंडी आज ज्या शिव्या असतात त्यांत भांडण दोन मुलग्यांचं आणि अंग मात्र घरात बसलेल्या बाईचं. ही कसली माया?

गेल्या ऑक्टोबरात बंदरावर मासे घ्यायला गेले होते. एका ट्रॉलरचा माल उतरत होता. एक नेपाळी खलाशी, असेल अठरा-एकोणीसचा, क्रेटमधल्या बांगड्यांवर बर्फाचा चुरा हातांनी पसरत होता. हात लालबुंद झालेले. वाडीतली तीन पोरं जाळ्यांच्या ढिगावर बसून त्याला आईवरून शिवी घालत होती, गाण्याच्या चालीवर. एरवी हिंदीत शिव्या देणारी पोरं त्या दिवशी मुद्दाम मालवणीत देत होती, कारण त्याला कळणार नव्हतं. तो आपला हसत होता. पोरं आपल्यासाठी काही गातायत, असंच त्याला वाटलं असावं. मग एकाला राहवेना, त्याने अर्थ हिंदीत सांगून टाकला. त्या खलाशाचं हसू गेलं. मान खाली घालून तो बर्फ पसरत राहिला. उलट काय बोलणार? अर्थ सांगणाऱ्या पोराचा बाप त्या ट्रॉलरचा मालक.

तिघांत एक माझा होता.

विज्ञानाचा मुद्दा वाचला तेव्हा मला तेच हात आठवले. ज्या प्रयोगाचा दाखला फिरतो तो इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातला, रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा शिवी पुटपुटत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना हात जास्त वेळ पाण्यात राहिला. २०१० मध्ये या प्रयोगाला इग नोबेलही मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. पण स्टीफन्स यांनीच २०११ मध्ये पुढचा प्रयोग केला, तो मजकुरात नाही: जे दिवसभर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे औषधच म्हणायचं तर ते जपून ठेवायचं औषध. आणि मुख्य म्हणजे पाण्यात हात घालणारा माणूस दुसऱ्या कोणाला शिवी देत नव्हता. आमच्या बंदरावर बर्फात हात एकाचे होते आणि शिवी दुसऱ्याच्या तोंडात. अनवाणी पाय चिऱ्यावर आपटला आणि तोंडातून काही निघालं तर माझ्या घरी त्याला माफी आहे.

हुशारीचं थोडक्यात. २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना मिनिटभरात आठवतील तेवढ्या शिव्या सांगायला लावल्या. ज्यांना जास्त आठवल्या त्यांना प्राण्यांची नावंही जास्त आठवली. शब्दसाठा मोठा, इतकाच त्याचा अर्थ. ते दिवसभर किती शिव्या देतात हे त्यातून कळत नाही. सच्चेपणाचा निष्कर्ष २०१७ चा, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी त्यातलं मोजमाप खोडून नेमका उलटा निष्कर्ष मांडला.

बंदीबाबत मात्र मजकूर लिहिणाऱ्याशी माझं फारसं भांडण नाही. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, शिवी दिली की ५०० रुपये दंड. बायकांच्या मानासाठी केला, म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण बारा वर्षांच्या पोराचे ५०० रुपये शेवटी आईच्याच पर्समधून जाणार. घरात दटावलं तर पोर अंगणात बोलेल, अंगणात दटावलं तर समुद्रावर. पण म्हणून मोकळं सोडायचं हे कुठून आलं? मधे काहीच नसतं का?

मी मुलाला मारलं नाही, मोबाइलही काढून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर घेऊन गेले. ट्रॉलर समुद्रात गेला होता. चार दिवसांनी परत आला तेव्हा पुन्हा गेलो. मुलाने ‘सॉरी भैया’ म्हटलं. खलाशी गोंधळला. त्याला बहुतेक आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं दाखवायचं होतं. ‘‘किस बात का? क्या बोला था?’’

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघत राहिले. तो शब्द आता त्याला माझ्यासमोर, हिंदीत, सावकाश सांगायचा होता. त्याने दोनदा तोंड उघडलं. मग खाली बसला आणि क्रेटची दुसरी कडा धरली.