नवऱ्याच्या सहीचा रकाना आहेच कुठे?

'गर्भपाताचे पाच नियम, प्रत्येक महिलेने वाचावेत' हा मेसेज आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनदा येऊन गेला. दोनदा मी गप्प बसले. तिसऱ्यांदा मामेबहिणीने तो मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, मग माझं काय?" तिला सतरावा आठवडा चालू होता. नवरा घर सोडून गेलेला, फोन उचलत नाही.

नियम पहिला: 'नवऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गर्भपात बेकायदेशीर.' धादांत खोटं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि त्याच्या कलम ३(४) मध्ये संमती मागितली आहे ती त्या बाईचीच. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. नवरा त्या कलमात कुठेच नाही. पण बहीण ज्या रुग्णालयात गेली तिथे तिला सांगितलं, "मिस्टर नसतील तर सासऱ्यांची सही चालेल." सासऱ्यांची! संमतीचा 'फॉर्म सी' एकदा डोळे उघडून वाचा. नाव, वय, पत्ता, तारीख, सही. खालचा भाग पालकासाठी आहे. बत्तीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या बाईचा पालक कोण?

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हेच बजावलं आहे: सज्ञान बाईची संमती पुरेशी आहे, डॉक्टरांनी घरच्यांची परवानगी वगैरे कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत. तरी सही मागतातच. आणि ही सही शोधताना आठवडे थांबत नाहीत. आमचे अकरा दिवस त्यात गेले, बहीण एकोणिसाव्या आठवड्याला टेकली. विसाव्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पुढे दोन लागतात, शिवाय नियमांत दिलेल्या गटांत आपण बसतो हे दाखवावं लागतं. म्हणजे मुदत कायद्याची, ती खाणार हा मेसेज.

दुसरा नियम म्हणे, 'बारा आठवड्यांनंतर गुन्हा.' बारा हा आकडा जुन्या कायद्यातला. तेव्हाही बारानंतर विसाव्या आठवड्यापर्यंत गुन्हा नव्हता, फक्त दुसऱ्या डॉक्टरचं मत लागायचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काही जणींना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाने ठरवलं तर त्यापुढेही. बाईचा जीव वाचवायचा असेल तर आठवडे मोजतच नाहीत.

तिसरा, 'अविवाहित मुलींना परवानगी नाही.' वरचा २०२२ चा निकाल पंचवीस वर्षांच्या अविवाहित तरुणीच्याच याचिकेवरचा आहे. पुढे. चौथा, 'एकदा गर्भपात केला की पुन्हा मूल होत नाही.' नीट, वेळेत, प्रशिक्षित डॉक्टरकडे केला तर सहसा असं काही होत नाही. जंतुसंसर्ग होऊन कायमचं नुकसान होऊ शकतं ते चोरून, भलत्याकडे केल्यावर. आणि तिकडे बायकांना ढकलतात ते असलेच मेसेज.

पाचवा नियम, 'गर्भपात हा बाईचा हक्क नाही.' इथे, नाइलाजाने, अर्धं मान्य करते. गर्भपात आजही फौजदारी कायद्यात गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८८. १९७१ चा कायदा त्याला अपवाद करतो, तोही डॉक्टरांच्या मतावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला सव्वीस आठवडे उलटल्यावर सर्वोच्च न्यायालयानेच नकार दिला. हे मला पटत नाही, पण खोटं कसं म्हणू? मात्र मूल हवं की नको हे ठरवणं घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतं, असं त्याच न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. मेसेजवाल्यांनी ते सोयीस्कर गाळलं.

बाराव्या दिवशी मी बहिणीबरोबर त्याच रुग्णालयात गेले. काउंटरवर म्हटलं, "सही कुठल्या कलमाखाली हवी, तेवढं लेटरहेडवर लिहून द्या." बाई आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि फॉर्म बहिणीपुढे सरकवत म्हणाल्या, "मॅडम म्हणतात, तुमची एकटीची चालेल."