आपत्कालीन संपर्क: पहिला क्रमांक कोणाचा?

आईवडील दोघेच घरी आणि मुले आखातात, इंग्लंडमध्ये किंवा जहाजावर, अशी घरे आज गोव्याच्या जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. अशा घरात 'अडीअडचणीला फोन कोणाला लावायचा?' असे विचारले, तर बहुधा मुलाचाच क्रमांक सांगितला जातो. मायेपोटी ते स्वाभाविकच आहे. परंतु आपली वाचा गेलेली असताना आपल्या वतीने जो बोलणार, तो थोड्या वेळात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोहोचू शकणारा असावा, असे माझे ठाम मत आहे. मुलाचा क्रमांक अवश्य लिहावा, पण दुसरा, आणि तोही देशाच्या कोडसकट.

पक्षाघाताचेच पाहा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना तातडीने कळावे लागते. रुग्णाला तर शब्द फुटत नसतो. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला तेव्हा ते अंगणात उभे राहून नीट बोलत होते, हे शेजारीण सांगू शकते. दुबईतला मुलगा कसे सांगणार?

गोळीचे उत्तर मात्र कागदावर असू शकते. पाकिटात मावेल असा जाड कागद घ्यावा आणि त्यावर औषधांची नावे पाकिटावर छापली आहेत तशीच, मात्रेसह उतरवावीत: 'वॉरफरिन, ५ मिग्रॅ, रात्री' अशी. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, पेसमेकर बसवला आहे का, इन्सुलिन चालू आहे का, हेही हवे. आपण रक्तगट मोठ्या अक्षरांत लिहितो, पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय तो पुन्हा तपासतेच. त्यामुळे जागा कमी असेल तर आधी औषधे लिहावीत. पत्त्यात केवळ घर क्रमांक देऊन भागत नाही. १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला वाड्याचे नाव आणि जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस) सांगितली, तरच घर सापडते.

हीच माहिती फोनमध्येही भरावी. आयफोनच्या 'हेल्थ' ॲपमध्ये 'मेडिकल आयडी' असते, तर बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' असते. फोन लॉक असतानाही ती दिसावी, ही परवानगी तेवढी चालू ठेवावी.

शेजारणीचा क्रमांक दिला म्हणून कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवण्यासारखे निर्णय तिच्यावर पडत नाहीत. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र आहे, म्हणजे आपण बोलू शकत नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली, याचे मला फार मोल वाटते.

ज्यांचा क्रमांक लिहिणार, त्यांना आधी विचारणे मात्र अत्यंत आवश्यक आहे. घराची दुसरी चावी त्यांच्याकडे असावी, फाईल कोणत्या कपाटात आहे ते त्यांना ठाऊक असावे आणि मुलांची व त्यांची ओळख असावी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुले घरी येतात, तेव्हा शेजाऱ्यांनाही बोलावून सर्वांनी मिळून तो कागद एकदा वाचावा आणि बदललेल्या गोळ्या खोडून नव्या लिहाव्यात.