औषध माशासाठी टाकताय की स्वतःसाठी?

मासा आजारी पडला की सल्ले दोनच प्रकारचे मिळतात. पहिला, "अरे मासाच तर आहे, दुसरा आण." दुसरा, "मीठ टाक, ते निळं औषध टाक, हीटर वाढव, सगळं पाणी बदल, उद्यापर्यंत ठणठणीत होईल." पहिला सल्ला देणाऱ्याचा राग येतो. पण बरीच वर्षं टाक्या सांभाळल्यावर माझं मत असं झालंय की माशांचे हाल जास्त होतात ते दुसऱ्या सल्ल्याने. आणि तो देणारी माणसं जीव लावणारी असतात, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलत नाही. म्हणून मी बोलतेय.

मासा कण्हत नाही. त्याला पापण्या नसतात, तोंडावर वेदना दिसेल असं काही नसतं. दिसतं ते एवढंच, की खाणं टाकल्यावर सगळे वर झेपावतात आणि एक मागे राहतो. पंख अंगाशी मिटून घेतलेले, कल्ले भराभर हलतायत, कधी खड्यावर अंग घासून परत जागेवर. हे आपल्या नजरेला पडतं तोवर दुखणं मुरलेलं असतं. मग आपण घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला हातात बाटली लागते. काहीतरी ओतलं की आपल्याला बरं वाटतं. माशाला बरं वाटलं का, हे कोण विचारतो?

औषधाच्या आधी पाणी तपासायची टेस्ट किट. हे मी भांडून सांगते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. "थोडंसं दाखवतंय, पण चालतं" असं यात काही नसतं. मासा अमोनिया टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. त्याच पाण्यात तो श्वासही घेतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने कमी विषारी नायट्रेट करतात, म्हणून टाकी जगते. नव्या टाकीत हे जिवाणू नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि आपण दुसऱ्याच दिवशी मासे सोडून मोकळे होतो. त्यात पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याची भानगड. किट अमोनियाचा आकडा तोच दाखवत असली, तरी पीएच ७ च्या पाण्यापेक्षा ८ च्या पाण्यात त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट असतो. नायट्राइटचं आणखी वेगळं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहायची ताकदच काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो.

आता असा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतोय, आणि आपल्याला वाटतं रोग आला. टाक मिथिलीन ब्लू, म्हणजे तेच निळं औषध. हे औषध वाईट नाही, वेगळ्या भांड्यात, योग्य दुखण्याला उपयोगी आहे. पण मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंवरच घाव बसतो आणि अमोनिया आणखी वाढतो. आगीतून फुफाट्यात. या माशाला औषध नकोच होतं. टाकीतलं निम्मं पाणी काढून, तेवढ्याच तापमानाचं आणि क्लोरीन घालवलेलं पाणी भरायचं, खाणं थांबवायचं, एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावायचा. कंटाळवाणं काम आहे, त्यात शौर्य दिसत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

पाणी ठीक निघालं तर मग रोगाकडे वळायचं. इथे "पांढरं काहीतरी दिसतंय" एवढ्यावर इलाज सुरू करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके असतील तर तो इक, म्हणजे व्हाइट स्पॉट. तो परजीवी कातडीखाली बसलेला असताना औषध त्याला शिवतही नाही. तो गळून पडतो, तळाशी त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधत असतात तेवढ्या वेळातच औषध त्यांना मारतं. म्हणून तापमान हळूहळू वाढवतात. परजीवीचं चक्र भरभर फिरावं आणि तो लवकर उघड्यावर यावा, हा हेतू. म्हणूनच ठिपके गेल्यावरही काही दिवस औषध चालू ठेवायचं असतं. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणारे पुन्हा दोन आठवड्यांनी तेच रडगाणं घेऊन येतात.

पण तोंडाभोवती कापसासारखं पांढरं असेल, पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा असेल, तर तो कॉलमनॅरिस असू शकतो. दिसतो बुरशीसारखा, असतो जिवाणू. आणि हा उष्णतेत माजतो. म्हणजे "हीटर वाढव" हा एकच सल्ला एका माशाला वाचवतो आणि दुसऱ्याला एका दिवसात संपवतो. त्यात पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ज्याचे कल्ले आधीच खराब झालेत त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तापमान वाढवायचं तर हवा वाढवायलाच हवी.

औषधांची भेळ करू नका, हे तर किती वेळा सांगायचं. फॉर्मेलिन असलेली औषधं पाण्यातला ऑक्सिजन खाली आणतात. तांबं असलेली औषधं गोगलगायी आणि झिंगे मारून टाकतात. लोच आणि कॅटफिशसारख्या बिनखवल्यांच्या किंवा अगदी बारीक खवल्यांच्या माशांना इतरांना चालणारा डोससुद्धा भारी पडतो. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन तसाच राहिला असेल तर तो औषध शोषून घेतो आणि आपण समजतो औषधच बोगस. एक निदान, एक औषध, पूर्ण कोर्स, शक्यतो वेगळ्या टाकीत. अँटिबायोटिक तर अंदाजाने अजिबात नको. माशांचं जाणणारे पशुवैद्य कमी असले तरी असतात, आधी फोन करून विचारा.

इथपर्यंत बहुतेक लोक मान डोलावतात. पुढचं बोलायला लागले की गप्प होतात.

माझ्याकडे एक जुना ओरांडा जातीचा गोल्डफिश होता. नारंगी, डोक्यावर ती खडबडीत टोपी, खाण्याच्या वेळी काचेला नाक लावून बसणारा. त्याला ड्रॉप्सी झाली. ड्रॉप्सी हा रोग नाही, लक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत झिरपत असतं आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर फेकत असतं. मूत्रपिंड थकलं की पाणी आतच साचतं. पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, आणि वरून पाहिलं की खवले उभे राहिलेले दिसतात, चीडाच्या (पाइनच्या) फळासारखे. काचेतून समोरून बघताना हे पटकन कळत नाही. वरून टॉर्च मारला की प्रत्येक खवल्याच्या कडेला सावली पडते, तेव्हा लख्ख दिसतं. त्याला वेगळ्या टाकीत घेतलं, एप्सम सॉल्ट दिलं (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा केला. काही मासे यातून उठतात, खवले उभे राहायच्या आधी पकडलं तर जास्त. हा उठला नाही. खाणं सुटलं, मग तोल सुटला, मग हात पाण्यात घातला तरी बाजूला होईना.

अशा वेळी लोक म्हणतात, "निसर्गावर सोड." मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. निसर्गात एवढा दुबळा मासा दिवसेंदिवस तळाशी पडून राहत नाही, कुणीतरी त्याला खातं. काचेच्या पेटीत त्याला खाणारं कुणी नाही, पाणी गाळलेलं, तापमान राखलेलं, म्हणून त्याचं मरण लांबतं. ही लांबण आपण तयार केलेली आहे. निर्णयाची वेळ आली की मात्र आपण निसर्गाचं नाव पुढे करतो.

"माशाला कुठं कळतं" हे दुसरं वाक्य. २००३ मध्ये शास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचलेले ट्राउट ओठ खड्यांवर घासत होते, तळाशी झुलत होते, बराच वेळ खात नव्हते. मॉर्फिन दिल्यावर ते वागणं कमी झालं. माशाला आपल्यासारखी जाणीव असते का यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, घालोत. संशयाचा फायदा मी माशाला देते.

तर मग करायचं काय, तेही स्पष्ट लिहिते, कारण लोक लाजून विचारत नाहीत आणि मग नको ते करतात. जिवंत मासा संडासात सोडून फ्लश करणं, फ्रीझरमध्ये ठेवणं, पाण्याबाहेर काढून तडफडू देणं, हे सगळं क्रूर आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या पद्धती अमान्य आहेत. नदीत किंवा तळ्यात सोडणं तर त्याहून वाईट, कारण त्याचा रोग तिथल्या माशांना जातो. पशुवैद्य असेल तर उत्तम. नसेल तर लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल भूल देतं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर दुधासारखं होईपर्यंत हलवायचं. माशाच्या स्वतःच्या टाकीतलं पाणी भांड्यात घेऊन आधी काही थेंबांपुरतं मिश्रण हळूहळू घालायचं, तो शांत होऊन आडवा झाला की उरलेलं. एकूण लिटरमागे साधारण ०.४ मिली तेल. कल्ले थांबल्यावर लगेच बाहेर काढायचं नाही, निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, कारण खोल भुलीतूनही मासा परत येऊ शकतो. ओरांड्याच्या वेळी मी बाजूला बसले होते. आधी छातीचे पंख संथ झाले, मग तो एका कुशीवर कलला, धडपड नाही. माझ्या बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत लवंगेचा वास येत होता.

पण याचीही घाई नको, कारण काही लोकांना आजारी मासा बघवत नाही म्हणून ते लवकर आटपायला बघतात. तेही स्वतःसाठीच. गोल पोटाचा गोल्डफिश उलटा तरंगतोय म्हणजे संपला असं नाही. त्या जातींची शरीरंच माणसाने अशी घडवलीत की तोल आणि तरंगणं सांभाळणारा वायुकोश दाबला जातो. दोन-तीन दिवस उपास, मग सोललेला उकडलेला मटार, बुडणारं खाणं, पाण्याची उंची कमी. कित्येक मासे असे तिरके पोहत, चवीने खात पुष्कळ जगतात. माझी कसोटी साधी आहे. खातोय का, हाताकडे किंवा इतर माशांकडे लक्ष देतोय का, आणि आठवडाभरात किंचित तरी सुधारतोय का. तिन्हींचं उत्तर नाही असेल आणि पाणी निर्दोष असेल, तर आणखी एक बाटली उघडू नका.

घरात मूल असेल तर त्याला गुपचूप दुसरा तसाच मासा आणून फसवू नका. मुलांना शेपटीवरचा एक ठिपका चुकला तरी कळतो.

आणि जाळी, सायफन, हात धुऊन घ्या. माशांच्या क्षयाचा एक जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि महिनोन्‌महिने बरी न होणारी गाठ देतो, तेव्हा हाताला खरचटलेलं असेल तर हातमोजे घाला. उरलेल्या माशांचं पाणी त्याच दिवशी तपासा. नवा मासा आणायचाच असेल तर महिनाभर जाऊ द्या, आणि आणल्यावर तोही चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, दुकानदार कितीही "एकदम फ्रेश माल" म्हणू दे.