मारिया मंकची ती ‘सत्यकथा’ खोटी आहे, पुढे पाठवू नका

परवा वसईहून आत्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला. आत्या सिस्टर आहे, म्हणजे कॅथलिक नन, सगळं आयुष्य हॉस्पिटलात रात्रपाळ्या करण्यात गेलं तिचं. तिला ओळखीतल्याच कुणीतरी तो फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘सिस्टर, हे खरं का?’

मेसेज असा: कॅनडात मॉन्ट्रियलच्या ओतेल द्यू मठात मारिया मंक नावाची नन होती, तिथे पाद्र्यांपासून झालेल्या बाळांना बाप्तिस्मा देऊन लगेच मारायचे आणि तळघरातल्या चुन्याच्या खड्ड्यात टाकायचे, चर्चने सगळं दाबलं, तिचं यावरचं पुस्तक लाखोंनी खपलं म्हणजे खरंच असणार.

मुळात ती त्या मठात कधी नव्हतीच. हे तिच्या सख्ख्या आईने शपथेवर लिहून दिलंय, आणि लहानपणी कानात पाटीवरची पेन्सिल घुसल्यापासून मुलीचं डोकं ठिकाणावर नसतं हेही. मारिया राहिली होती ती मॉन्ट्रियलमधल्याच दुसऱ्या एका आश्रमात, तो ‘बिघडलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी होता.

आता तो खड्डा, कारण आत्याला रडू आलं ते त्यावर. पुस्तक आलं 1836 साली, न्यूयॉर्कमधे. त्याच वर्षी विल्यम स्टोन नावाचा तिथला संपादक, स्वतः प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक चर्चची बाजू घ्यायचं त्याला काही कारण नाही, ते पुस्तक वाचून थेट मठात जाऊन धडकला. कपाटं उघडली, एक खोली बंद होती तर उंच खिडकीवर चढून आत डोकावला, तळघराच्या भिंती तपासल्या, आणि तिथल्या बरण्यांचे वाससुद्धा घेतले, चुना किंवा ॲसिड सापडतंय का म्हणून. काही नाही. पुस्तकातलं वर्णनही इमारतीशी जुळेना. ही बाई या भिंतींच्या आत कधी आलेलीच नाही असं त्याने छापून टाकलं. दाबलं कुणी? झडती तर झाली!

खपलं म्हणाल तर खपलं, 1860 पर्यंत 3 लाख प्रती सांगतात. पण कोंडलेली मुलगी, कपटी पाद्री, तळघर हा मसाला इंग्रजी कादंबऱ्यांनी आधीच लोकांच्या डोक्यात भरलेला होता. 1834 मधे बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनला जमावाने ननांचा मठ जाळला तो असल्याच अफवांवरून. आणि 1851 साली तर ब्रिटिश पार्लमेंटमधे एका खासदाराने विचारलं की बर्मिंगहॅमला न्यूमन या कॅथलिक धर्मगुरूंच्या धर्मगृहाखाली कोठड्या कशाला बांधल्यात, मग महापौर स्वतः बघून आले तर खाली स्वयंपाकघर आणि कोठीची खोली.

चर्चच्या संस्थांत मुलांचे हाल झालेच नाहीत असं मी म्हणत नाही, म्हणू शकत नाही. आयर्लंडमधे ट्यूमच्या ननांच्या आश्रमात 1925 ते 1961 या काळात 796 मुलं दगावली. पण त्या एकेका मुलाची मृत्यूनोंद आहे, 2017 मधे तिथे अवशेषही सापडले. मंकच्या पुस्तकात एका बाळाचाही पुरावा नाही, मग ट्यूमचं नाव घेऊन ते खरं कसं ठरतं?

हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘त्या पोरीचं पुढे काय झालं रे?’ सांगितलं, पुस्तकाच्या पैशावरून ते काढणारे बाकीचे कोर्टात भांडत बसले आणि ती 1849 साली न्यूयॉर्कमधे हलाखीत मेली. ‘चर्चमधे तिच्यासाठी मिसेची प्रार्थना ठेवते,’ म्हणाली.