फुलं लावली की माश्या आपोआप येतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोसायटीच्या आवारात परागवाहक कीटक कसे टिकतात, या मागच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. कोथरूडच्या तुमच्या सोसायटीत पेंटास, घाणेरी आणि झेंडू लावले, मधमाश्यांची एक पेटी ठेवली, कुंपणालगतची रुई आणि वाळकी लाकडं काढून जागा स्वच्छ केली, आणि आता फुलपाखरं भरपूर आहेत. यापुढे तुम्ही लिहिता : "फुलं लावली की माश्या आपोआप येतात, त्याला एवढं शास्त्र लागत नाही. घरबसल्या ज्ञान पाजळणाऱ्यांनी आधी दोन झाडं लावावीत."

मतभेद कितीही नोंदवा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, त्याला 'घरबसल्या' ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? वेताळ टेकडी, तळजाई आणि कात्रजच्या डोंगरावर कोणत्या फुलावर कोणता कीटक बसतो याच्या नोंदी ठेवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तो शब्द मला लागला, आणि हे लपवायचं काही कारण मला दिसत नाही. लेखासोबत एकही फोटो नव्हता ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. पुढच्या वेळी फोटो देईन.

आता त्या 'आपोआप'कडे वळतो.

पेंटासवर आणि घाणेरीवर फुलपाखरं येतात, यात वाद नाही. मध असेल तिथे ती येणारच. पण लग्नाच्या पंगतीला गर्दी झाली म्हणून तिथे गाव वसत नाही. फुलपाखराला अंडी घालायला ठरावीक झाड लागतं. प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईच्या आणि तिच्या नात्यातल्या वनस्पतींच्या पानांवर वाढते, लिंबावरच्या फुलपाखराची लिंबू, बेल किंवा कढीपत्त्यावर. पेंटासचं पान या दोघांच्याही अळ्यांना चालत नाही. तुमच्याकडे जी फुलपाखरं दिसतात, ती दुसऱ्या कुणाच्या तरी न साफ केलेल्या मोकळ्या प्लॉटवर जन्मून येतात. तो प्लॉट बांधकामाखाली गेला की तुमची पेंटास तशीच फुललेली राहील, वर फुलपाखरं नसतील.

माश्यांचं तर याहून अवघड. तुम्ही काढून टाकलेल्या रुईचंच उदाहरण घ्या. पुण्यात ती जवळपास बाराही महिने फुलते. तिच्या फुलातला मध मधल्या मुकुटासारख्या भागाच्या तळाशी असतो आणि पराग सुटा नसून जोडीने चिकटलेल्या पिवळ्या पुडक्यांत असतो. ही पुडकी पायाला अडकवून ओढून न्यायला अंगापिंडाने दणकट कीटक लागतो, आणि तो म्हणजे लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा (नाव भुंगा असलं तरी तीही मधमाशीच्या नात्यातली माशीच). इतर फुलं नसतात तेव्हा त्याला मध पुरवते ती ही रुई. घर करतो तो वाळक्या फांदीत किंवा बांबूत. म्हणजे रुई आणि वाळकी लाकडं काढलीत तेव्हा त्याचं जेवण आणि घर दोन्ही एकाच दिवशी गेलं.

याचा परिणाम दिसतो तो भलत्याच झाडांवर. टेकडीवरचा तरवड बघा. पिवळ्या फुलात मध नावालाही नाही, भुंग्याला मिळतो तो फक्त पराग. पुंकेसर दोन तऱ्हेचे : मधले आखूड, खालचे दोन-तीन लांब आणि बाकदार. कोणतेच उभे फाटत नाहीत, फक्त टोकाला बारीक छिद्रं असतात. भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो, पंख मिटतो आणि उडण्याचे स्नायू नुसतेच थरथरवतो. उडतानाच्या घूंपेक्षा हा आवाज चढा असतो, चार पावलांवरून सहज कळतो. त्या थरथरीने छिद्रांतून पराग उडतो. आखूड केसरांतला तो पायांवर गोळा करून पिल्लांसाठी नेतो, लांब केसरांतला त्याच्या अंगावर अशा ठिकाणी पडतो की पुढच्या फुलाचा स्त्रीकेसर नेमका तिथेच घासतो. बहाव्याच्या फुलाचीही रीत बरीचशी अशीच. वांगं आणि टोमॅटोही थरथरीवरच चांगले धरतात. तिथे भुंग्याच्या जोडीला निळ्या पट्ट्यांची अॅमेजिला माशी असते आणि ती मातीत बीळ करते. तुमच्या पेटीतल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. पेटी भरून माश्या असल्या तरी फार तर सांडलेला पराग त्या टिपतील.

म्हणजे रुई भुंग्याला जगवते आणि भुंगा तरवड-बहाव्याला शेंगा धरवतो. ही दोन्ही झाडं त्याला मध देत नाहीत, त्यामुळे ती त्याला एकट्याने पोसू शकत नाहीत. असे धागे एकात एक गुंतून वस्ती उभी राहते. जॉर्डी बास्कोम्प्ते, पेड्रो जॉर्डानो हे परिसंस्थांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली अशी अनेक जाळी तपासली, तेव्हा एक ठेवण पुन्हा पुन्हा दिसली. मधोमध थोड्या सर्वभक्षी वनस्पती आणि कीटक... वनस्पतींना सर्वभक्षी म्हणणं बरोबर नाही, कुणालाही चालणाऱ्या वनस्पती म्हणू, आणि कुठल्याही फुलावर जाणारे कीटक. चोखंदळ जाती आपापसांत क्वचितच जोडलेल्या असतात. चोखंदळ माशी सामान्य फुलाला धरून असते, चोखंदळ फूल सामान्य माशीला. म्हणून नवीन आलेली जात टिकते ती आधीपासून गजबजलेल्या फुलाच्या आधाराने. दुर्मीळ रोप आणून लावण्याआधी गल्लीतलं सामान्य 'तण' राखा, असं मी लेखात लिहिलं होतं ते याच कारणासाठी. एकदांडी परदेशी आहे, मान्य. तरी वर्षभर फुलणारी ती एकच गोष्ट आवारात असेल, तर तेरडा, कुर्डू, रानतीळ यांचं बी रुजून फुलायला लागेपर्यंत तिला सरसकट उपटू नका. टप्प्याटप्प्याने काढा.

फुलं आहेत म्हणजे माश्या असणारच, याला तर सरळ पुरावाच विरुद्ध आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या कार्लिनव्हिलजवळ चार्ल्स रॉबर्टसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांवरच्या माश्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्याच 26 वनस्पतींवर शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा पाहणी झाली आणि निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पती तिथेच होत्या, माश्यांच्या निम्म्या जाती नव्हत्या. वर्षानुवर्षं जगणारं झाड माशी गेल्यावरही फुलत राहतं, म्हणून नुकसान डोळ्यांना उशिरा कळतं.

तुम्ही 'उपाय सांगा' असंही (जरा हुकूम सोडल्यासारखं) म्हटलं आहे. सांगतो. बहुसंख्य एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बिळं करतात. त्यांना सकाळचं ऊन मिळणारी, किंचित उताराची, घट्ट मातीची उघडी जागा लागते. मीटरभर लांब-रुंद पुरे. तिथे लॉन नको, पेव्हर ब्लॉक नकोत, पालापाचोळ्याचा थर नको आणि रोजचं पाणी तर मुळीच नको; ओल राहिली की बिळातल्या परागाच्या गोळ्याला बुरशी लागते आणि अळी मरते. बांबूच्या नळ्या लावायच्या तर पंधरा सेंटीमीटर लांब कापा, मागचं पेर बंद ठेवा. पान कापणाऱ्या माश्यांसाठी आतला व्यास 4 ते 10 मिलिमीटर, भुंग्यासाठी 12 ते 18. तोंड काचकागदाने गुळगुळीत करा, चिरफळ्या राहिल्या तर पंख फाटतात. कमरेइतक्या उंचीवर, छज्ज्याखाली, तोंड जरा खाली झुकवून बांधा, म्हणजे पावसाची झड आत जात नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून खांबाला ग्रीसचा पट्टा. शेकडो नळ्या एका ठिकाणी बांधू नका, परजीवी गांधीलमाश्या आणि कोळीकिडे तिथेच साठतात. दोन-तीन लहान जुड्या लांब लांब ठेवा आणि माश्या बाहेर पडून गेल्यावर जुन्या नळ्या बदला.

पेटीचा मुद्दा या लेखाचा नाही. ठेवायचीच असेल तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून रीतसर शिकून ठेवा, इतकंच.  आणि टेकडीवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावण्याला माझा विरोध आहे म्हणून मी झाडांच्याच विरोधात, हा अर्थ तुम्ही स्वतः काढलात. ग्लिरिसिडियाच्या फुलांवरही भुंगे येतात. पण त्याच्या दाट सावलीत पावसाळी गवत आणि त्यातली फुलं राहत नाहीत, आणि खड्डे-चर खणताना मातीतली बिळं आणि बी दोन्ही उलथतात. माझी हरकत एवढीच होती.

तुमच्या आवारात बहावा आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे. मे महिन्यात तो फुलल्यावर सकाळी सात ते नऊ त्याच्याखाली उभे राहा आणि किती भुंगे येतात ते मोजा. पुढच्या जानेवारीत त्याच झाडावरच्या लांब शेंगा मोजा. बहावा मुख्यतः दुसऱ्या झाडाच्या परागावरच शेंगा धरतो, म्हणून जवळपास दुसरा बहावा कुठे आहे तेही बघून ठेवा. हे तिन्ही तपशील इथे खाली लिहा.